सरांची नहर

परवा कंपनीच्या बसमध्ये चढताना माझी चांगलीच फजिती झाली. मी चितेगावच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आहे आणि आमची बस रोज सकाळी पैठण रोडवरून आम्हाला उचलते. दारात गर्दी होती. मागच्या नव्या मुलीने माझ्या पाठीला, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, बोट लावलं. "मॅडम, जरा पुढं सरका" एवढंच तिला म्हणायचं असणार. ती बोलायच्या आतच माझा उजवा पाय टाचेवर पुढे पडला, गुडघा वाकला, डावा हात खांद्यापासून उघडला आणि हातातला डबा ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन आदळला. पन्नाशीला टेकलेल्या बाईने सकाळी आठच्या बसमध्ये असं काही करणं शोभत नाही. सगळे हसले, मीही हसले. मग खिडकीची जागा धरली आणि चितेगाव येईपर्यंत तोंड बाहेर ठेवलं, कारण डोळे ऐकेनात.

पाटोदकर सर या उन्हाळ्यात गेले. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्यात त्यांना 'ज्येष्ठ नृत्यशिक्षक' म्हटलं होतं. मला संताप आला. गॅदरिंगची गाणी बसवणारे नृत्यशिक्षक शहरात पैशाला पासरी आहेत. सर बॅले बसवायचे. आणि संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, बॅले म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या लोकांपुढे त्यांनी तो बसवला. एका प्रयोगाला आलेले प्रमुख पाहुणे मेकअपच्या खोलीत डोकावले, आम्हाला निळ्या-करड्या सुती साड्यांत पाहून चपापले आणि सरांना म्हणाले, पोरी अजून तयार नाहीत का, ते पांढरे फ्रॉक कुठे आहेत. सर शांतपणे म्हणाले, "धुवायला टाकलेत, साहेब." पाहुण्यांनी भाषणात आयोजनातल्या या ढिसाळपणाबद्दल नाराजी व्यक्त केली. सर विंगेत उभे राहून बडीशेप चावत होते.

नाचणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. बुटका बांधा, पैलवानासारखी मान, भेगा पडलेल्या रुंद टाचा, आणि मे महिन्यातही बुशशर्टचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. बीडकडच्या एका खेड्यातून पळून ते मुंबईला गेले होते आणि तिथल्या एका बॅलेच्या कंपनीत त्यांनी तरुणपण घालवलं. तिथं काय काय केलंत असं विचारलं तर म्हणायचे, "झाड होतो. लई वर्षं झाड. कधी लाट, कधी गर्दी, अन एकदा हत्तीचा मागचा पाय." मग ते परत आले, छावणीतल्या एका शाळेत पी.टी. शिकवू लागले आणि संध्याकाळी शाळेचा हॉल मागून घेऊन आम्हा मुलींना बॅले.

शाबासकी त्यांना ठाऊक नव्हती. चुकलं की जिभेने एक आवाज काढायचे, "च्च." पाल चुकचुकते तेवढाच, पण त्या हॉलमध्ये कुठेही ऐकू यायचा आणि आम्ही असू त्या अवस्थेत थिजायचो. एक पाय वर असला तर वर. ज्या दिवशी 'च्च' आला नाही त्या दिवशी आम्ही घरी जाऊन पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवायचो.

आणि मोजायचं नाही. हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. नाच म्हणजे एक-दोन-तीन-चार, हे जगभर चालतं. आमच्याकडे ओठ हलताना दिसले की संपलं. "पोरी, ओठ मिट. पाणी काय मोजत येतं व्हय?" शेंद्र्याहून येणारी सुनंदा आमच्यात सगळ्यात भांडकुदळ. आत्ता तिच्या गावाला कारखान्यांनी वेढलंय, तेव्हा ती शेतातली कामं उरकून दोन बस बदलून यायची आणि उशीर झाला तर उलट सरांवरच डाफरायची. तिने एकदा सरळ विचारलं, मोजलं तर सोपं जातं, मग तुमचं नाय कशाला. सर हॉलच्या शहाबादी फरशीवर खाली बसले. आम्हालाही बसवलं.

"कंपनीत एकदाच मला झाडावरून माणसात घेतलं," ते म्हणाले. "नायिका धावत येणार अन मी तिला झेलणार. मी मोजत व्हतो. तिला त्या दिवशी ताप होता, ती अर्धा श्वास मागं राहिली. माझे हात मोजणीवर उघडले अन मोजणीवरच मिटले. ती फळ्यांवर पडली. सगळे म्हणले, पाटोदकरची चूक नाय, तो तालात व्हता. मी बरोबर व्हतो, पोरींनो. अन ती पुन्हा नाचली नाय."

सुनंदाने त्यानंतर तो विषय काढला नाही. ती जाताना सरांच्या चपला सरळ करून ठेवून गेली, एवढं मला आठवतं.

'नहर' हा बॅले त्यातून आला, आणि थोडा आमच्या घरच्या नळांतून. तेव्हाही या शहरात पाणी रोज येत नसे. पाण्याचा दिवस असला की निम्म्या मुली तालमीला दांडी मारायच्या. एकदा सर चिडून आमच्यातल्या फरजानाच्या घरी गेले. फरजानाच्या वडलांची छावणीत बेकरी, घर तिच्या मागच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी एकच नळ चालू आणि तिथपासून घरापर्यंत बाया ओळीने उभ्या, भरलेली भांडी या हातातून त्या हातात. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पाठीला हंड्याचा गार स्पर्श झाला की वळायचं, घ्यायचं, द्यायचं. सर रागवायला गेले होते, ते तिथंच ओट्यावर बसून राहिले. फरजानाच्या अम्मीने चहा दिला, तो निवला तरी त्यांचं लक्ष नाही.

पुढच्या तालमीला त्यांनी आम्हाला एका रांगेत, एकीच्या पाठीशी एक असं उभं केलं. आपल्या शहराखालून जुन्या नहरी गेल्यात. डोंगरातलं पाणी अंधारातून, मातीच्या नळांतून गावात यायचं. आम्ही ते पाणी. मागचीने पाठीला बोट लावेपर्यंत हलायचं नाही. बोट लागलं की आपला नाच सुरू, आणि तो शिगेला पोचला की पुढचीच्या पाठीला बोट. मागं वळून बघायचं नाही, कारण पाण्याला मागं बघता येत नाही. फरजाना पहिली, मी दुसरी, सुनंदा शेवटची. नायिका कुणीच नाही. आणि फरजानाला बोट लावायचं ते सरांनी, विंगेच्या काळोखात उभं राहून. संगीत नावाला होतं, एक ढोल आणि एक सूर; तेही आमच्या मागून यायचे, आमच्या पुढून नाही.

तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण स्वतःहून निघायचं नाही, हे अंगात भिनायला आम्हाला वर्ष गेलं. वाट बघत उभं राहणं हे सगळ्यात अवघड नाचणं आहे. आणि एकदा भिनल्यावर ते गेलं नाही. एका प्रयोगात ऐन मध्यात वीज गेली. प्रेक्षकांत शिट्ट्या, आरडाओरडा. आम्हाला काय त्याचं, पाठ तर अंधारातही पाठच असते. जनरेटर लागला तेव्हा आम्ही गोल वळसा पूर्ण करून जागच्या जागी पोचलेल्या होतो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सर मात्र दोन दिवस घुश्शात. म्हणाले, नाचाला नाय वाजवल्या, गमतीला वाजवल्या, उद्या म्हणतील डोळे बांधून करा.

फरजानाचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. रुखसतीच्या वेळी ती उंबऱ्यात अडली. रडत नव्हती, नुसती उभी. बहिणी ओढतायत, अम्मी समजावतेय, बाहेर गाडी सुरू. सर गर्दीतून मागून आले आणि काही न बोलता तिच्या पाठीला बोट लावलं. ती निघाली. सगळ्यांना हायसं वाटलं. दोन-तीन वर्षांत ती माहेरी परत आली, लहान लेकीला घेऊन आणि उजव्या मनगटाचं हाड नीट न जुळलेलं घेऊन.

ती तालमीला पुन्हा आली त्या दिवशी रांग लागली, आणि सर तिच्या मागे खिशात हात घालून उभे राहिले. बराच वेळ गेला. आम्ही पुढे पाठमोऱ्या. काय चाललंय कळेना. मग फरजाना न वळता म्हणाली, "सर, पानी छोडो." मग पुन्हा, "मेरेकू मालूम है कौनसा हाथ कैसा है. छोडो." तेव्हा कुठे खिशातून हात निघाला असावा, कारण थोड्या वेळाने तिचं बोट माझ्या पाठीला लागलं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. कुणाला नोकरी, कुणाला बदली, कुणाला मुलं. मी हिशेबाच्या खात्यात शिरले, म्हणजे मोजण्याच्याच धंद्यात. सरांना सांगायला गेले तर ते पोट धरून हसले. सुनंदाची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली आणि ती तिथल्याच एका कँटीनमध्ये स्वयंपाकाला लागली. फरजानाने वडलांची बेकरी चालवायला घेतली. सर एकटे हॉलवर जात राहिले, नव्या मुली येत राहिल्या. पण त्यांना गाणी हवी होती आणि सरांना वाट बघणाऱ्या पाठी. एक दिवस मी त्यांच्या घरी गेले असताना काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, चहा आणला. सरांच्या हातात बशी आली आणि कप वाजायला लागला. थांबेना. सरांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. कंपवात.

मग तो वाढतच गेला. काही वर्षांत दोन्ही हात, मान, बोलणं. आणि गेल्या हिवाळ्यात काकूंचा मला फोन आला. त्या एरवी मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "त्यांना नहर बघायचीय गं. एकदा. त्यांनी कधी समोरून पाहिलीच नाही."

मला ते तोवर सुचलंच नव्हतं. प्रत्येक प्रयोगात सर विंगेत. पहिलं बोट लावायचं आणि तिथंच, एका बाजूने, जे दिसेल ते बघायचं. आपला बॅले प्रेक्षकाच्या खुर्चीतून कसा दिसतो हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. एक व्हिडिओ होता, तोही लग्नाच्या शूटिंगवाल्याने काढलेला. त्याने गोऱ्या मुलींचे चेहरे मोठे करून घेतले होते आणि कडेने गुलाब. रांग त्यात कुठेच नव्हती. म्हणजे नहर जी काय होती ती आमच्या अंगात, तुकड्या-तुकड्याने, आणि तीही पाठीला बोट लागेपर्यंत झोपलेली. सरांचे दिवस सरत आले होते आणि काकूंच्या आवाजात ते स्पष्ट होतं.

फरजानाने सगळ्यांना गोळा केलं. परगावच्या दोघी रजा टाकून आल्या. एकजण आता या जगात नाही; तिची जागा मोकळी सोडायची आणि तिच्या मागचीने हात लांब करून पुढचीला गाठायचं, असं ठरलं. गुडघ्यांना पट्टे, डोक्यात पांढरे केस, एकीला तर चक्कर येऊ नये म्हणून गोळी. रविवारी शाळेचा तोच हॉल मिळाला. पण पेच होता: सर समोर बसले तर पहिलं बोट कोण लावणार? सुनंदाने तो सोडवला. "त्यांच्या खुर्चीपासूनच निघू की. हॉलला वळसा घालू अन त्यांच्या म्होरं येऊ. पाणी बी त्यांचं, अन बघतील बी तेच." आम्हाला इतका आनंद झाला की आम्ही तिला मिठ्या मारल्या.

काकूंनी आणि फरजानाने सरांना रिक्षातून आणलं. गळ्यापर्यंत बटण लावलेलं होतं. खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि आमच्या मोकळ्या सोडलेल्या जागेवर थांबवली. कोण नाही हे त्यांना विचारावं लागलं नाही. फरजाना त्यांच्यापुढे पाठ करून जमिनीवर बसली, तिच्यापुढे मी, आणि रांग पुढे भिंतीकडे वळत गेलेली. ढोलवाला तयार. काकूंनी सरांचा उजवा हात उचलून फरजानाच्या पाठीवर ठेवला.

"पानी छोडो, सर," फरजाना म्हणाली.

तिचं बोट माझ्या पाठीला लागलं आणि मी उठले, टाच टाकली, हात उघडला, आणि मागून आलं, "च्च."

थिजलो. खाली बसलो. पुन्हा. पुन्हा फरजाना निघाली, पुन्हा "च्च". तिसऱ्यांदा ती निघालीच नाही, आणि मागून सरांचा श्वास मोठा व्हायला लागला. मग मला कळलं. तो हात स्थिर नव्हताच. तिच्या पाठीवर तो सारखाच थरथरत होता; त्यातला कुठला थरथराट पाणी आणि कुठला नुसता आजार, हे तिने कसं ओळखायचं? सरांना ठाऊक होतं. ते आतून सोडत होते. ते हातातून बाहेर येईतोवर बाकीच्या हजार हलण्यांत हरवत होतं. "कौनसा, सर?" फरजाना विचारत होती. "इसमे कौनसा?"

शेवटी ती स्वतःच्या मनाने निघाली. मला कळलं, कारण तिचं बोट विचार करून लागलेलं बोट होतं. मी तेच पुढे दिलं. चौथ्या-पाचव्या बाईपर्यंत गेलं आणि विरलं. उठलेल्या आम्ही परत खाली बसलो, पुढच्या बसूनच राहिल्या. सुनंदा भिंतीपाशी पाठमोरी, काही कळत नसलेली, नुसती वाट बघत. या वेळी सरांनी 'च्च'सुद्धा केलं नाही.

ढोल थांबला. कुणीतरी नाक ओढलं. आणि मग मागून सरांचा आवाज आला, जड जिभेचा, एकेक अक्षर ओढून काढलेला.

"एक," सर म्हणाले. "दोन. तीन."

त्या माणसाने, ज्याने आयुष्यभर आमचे ओठ मिटवले, ज्याच्या मोजणीपायी एक बाई फळ्यांवर पडली होती, त्याने मोजायला घेतलं होतं. एवढं त्याला बघायचं होतं. "एक. दोन. तीन. चार." ढोलवाल्याने बिचाऱ्याने त्यावर ठेका धरायचा प्रयत्न केला. आणि आमच्यातली एकही हलली नाही. हट्टाने नाही हो. एक म्हणजे कुठला पाय, तीन म्हणजे कुठला हात, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आकड्यांत तो नाच आमच्याकडे नव्हताच. मी पाय उचलायचा म्हटला तर तो फरशीला खिळलेला. पलीकडे सुनंदा अर्धवट उठली आणि परत बसली. सरांनी आमच्या अंगातून मोजणी इतकी नीट उपटून काढली होती की आता त्यांची स्वतःची मोजणीही आत शिरेना. ते मोजत राहिले. आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मग काकू म्हणाल्या, "अहो, पुरे."

रिक्षा फाटकाशी उभी होती. हॉलच्या पायऱ्या उतरायच्या म्हणून फरजानाने सरांना मागे घेतलं आणि त्यांचा हात आपल्या पाठीवर ठेवून दिला, आधाराला. काकू बाजूने. मी फरजानाच्या पुढे होते, आणि तिने तोल जाऊ नये म्हणून माझ्या पाठीला हात टेकला. माझ्या पुढची थांबली म्हणून मी तिला हात लावला. कुणी सांगितलं नव्हतं; पण पायरीवर आमची तीच रांग लागली, मोकळ्या जागेसकट, आणि सुनंदा पार फाटकाशी. आणि सरांचा थरथराट फरजानाच्या हातातून माझ्या पाठीत आला. पहिल्यांदाच आला. मी उभी राहिले. कुठला थरथराट धरून पाऊल टाकायचं ते कळेना, म्हणून सगळ्याच उभ्या राहिल्या. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

तेव्हा माझ्या मनात आलं की सरांना आत्ताही आमच्या पाठीच दिसतायत. एक तरी चेहरा त्यांना समोरून दिसावा, म्हणून मी वळले. फरजानाच्या खांद्यावरून ते बघत होते. डोळे भरलेले, हनुवटी हलत होती, नजर मात्र तालमीतली, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी. ती माझ्यावर येऊन थांबली.

"च्च," सर म्हणाले.

मी तोंड पुन्हा पुढे केलं आणि वाट बघत उभी राहिले.